बाई सांगतील तिथून

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगितलेली नाही. बहिणीला नाही. शेजारच्या शोभाला तर नाहीच नाही, तिला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या घुग्घुसला सांगितलं. विहारात वंदनेला बसते, डोळे मिटते — तिथंसुद्धा ह्या गोष्टीच्या कडेकडेनं जाते अन् उठते. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मला लहानपणापासून पाठ आहे. दर वेळी सगळ्यांबरोबर म्हणते. आवाज माझाच जरा मोठा असतो.

तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून बहुतेक जमेल. बघू. थकले हो मी आता. फार मोठा गुन्हा आहे असं समजून बसू नका, पोलिसात जाण्यासारखं काही नाही ह्यात. एका लॅपटॉपची गोष्ट आहे. जुन्या लॅपटॉपची. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढं? — मीही स्वतःला तेच म्हणत आले.

आधी मी कोण ते सांगते. वेळ काढतेय असं वाटेल तुम्हाला, अन् थोडं तसं आहेही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी मूळची मराठीची बाई. शाळेत कम्प्युटर आले तेव्हा कोणीतरी ते शिकवायला हवं होतं. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली अन् ती माझ्यावर थांबली. चंद्रपूरला एक छोटासा कोर्स केला, परत आले ती कम्प्युटरची बाई होऊन. मला काय येत होतं? सुरू करता येत होतं, बंद करता येत होतं, मधलं पोट्ट्यांनाच माझ्यापेक्षा जास्त यायचं. पण घुग्घुसमध्ये नाव झालं ते झालं. कोणाचा मोबाईल अडला, कोणाचा प्रिंटर रुसला, की म्हणायचे — चला बाईंकडे. अन् मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? भारी आवडायचं.

नंतर शाळेत एक नवी मॅडम आली, कम्प्युटरची खरी डिग्री घेऊन. ती मला फार मान द्यायची. तिच्यासमोर माझ्या तोंडून काही चुकीचं निघालं की गप्प राहायची, हसायचीसुद्धा नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तर त्या वर्षी आमच्या शाळेतल्या सात-आठ पोरी बारावी होऊन पुढं निघाल्या. कोणी नागपूर, कोणी चंद्रपूर. प्रत्येकीला लॅपटॉप हवा. नवा कोणाला झेपतो? कोणाचे वडील खाणीत कंत्राटावर, कोणाचे सिमेंटच्या ट्रकवर. मग ठरलं की दुरुस्त करून विकतात ते जुने घ्यायचे, अन् सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घ्यायचे — म्हणजे बिघडले तर सगळ्या बाया मिळून जाऊन भांडता येईल. हे भांडायचं डोकं शोभाचं. तिची पोरगीही त्यांतलीच.

पण घ्यायचे कुठून? मोबाईलवरून मागवले तर खोकं दारात येईल, पण बिघडलेला निघाला तर आपण कोणाच्या दारात जायचं? चंद्रपूरला काचेच्या दाराचं एक मोठं दुकान होतं. आत गेलं की आधी गार पाणी देतात अन् मग जे नको ते गळ्यात घालतात. अन् तिसरा आमच्या गावातलाच, इरफान.

इरफान माझा विद्यार्थी. त्याचे वडील बाजारात बसून पेट्यांच्या कड्या, छत्र्या, कुलपं दुरुस्त करायचे. हा वर्गात हुशार वगैरे नव्हता, बडबड्या होता. पुढं नागपूरला एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानात काम शिकला, अन् तिथलं बरं चाललेलं सोडून गावात आला. बसस्टँडजवळ एक गाळा घेतला. खरं सांगते, मला तो थोडा कंटाळवाणाच वाटायचा. एक विचारलं की दहा सांगणार. 'बाई, बस, उद्या देतो,' म्हणणार, अन् त्याचा तो उद्या पुढच्या आठवड्यात उगवणार. पण त्याच्याकडून नेलेलं मशीन परत आलं असं मी ऐकलं नव्हतं.

पोरींच्या लॅपटॉपचं त्याच्या कानावर गेलं तसा तो घरी आला. बायकोला घेऊन आला. नवीनच लग्न झालेलं. ती बिचारी दाराशीच उभी. एरवी इतका बोलणारा माणूस, त्या दिवशी एवढंच बोलला — "बाई, हे काम मले भेटलं त दुकान टिकते. एकदा तुमच्या हातून माल गेला म्हनजे बाकी कॉलनीतले लोक बी येतीन. नाई भेटलं त मंग काई खरं नाई."

मी म्हटलं, बघू. मास्तरणी म्हणतात तसं.

बायांनी तर आधीच ठरवलं होतं — बाई सांगतील तिथून. मी त्यावर आणखी शहाणपणा केला. म्हटलं, आधी इरफानकडून एक मी घेते, महिनाभर वापरते, मग काय ते सांगते. सगळ्यांना पटलं. मी त्याच्या दुकानात जाऊन झाकण उघडझाप करून पाहिलं, प्रत्येक बटण दाबून पाहिलं, पडदा उन्हाकडे धरून डाग पाहिले. बाजारात वांगी निवडते तसं निवडलं मशीन. तो आपला मान डोलवून राहिला. पंधरा दिवस झक्क चाललं. शोभाला मी सांगूनही टाकलं होतं की पोट्टा माल चांगला देतो.

आता इथून पुढं मला जरा — थांबा. पाणी पिऊन येते.

मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी घरातल्या स्टीलच्या तांब्यालाही हात लावू नये. तसा तो लॅपटॉपही तापायचा. खालून इस्त्रीसारखा लागायचा. मग मी काय करावं? आम्ही इकडचे लोक गरम झालेल्या कुठल्याही जिवाला जे करतो तेच केलं — कूलरसमोर बसवलं. लेकरू आलं उन्हातून, कूलरसमोर बसव. पाहुणा आला, कूलरसमोर बसव. तसं स्टूल ओढलं, त्यावर लॅपटॉप, अन् कूलरचं तोंड त्याच्याकडे. शिवाय कूलरची टाकी काठोकाठ भरली. मला मनातून कौतुक वाटलं स्वतःचं. कम्प्युटरची बाई ना!

आमचा कूलर पाणी जास्त झालं की तुषार फेकतो. हे मला माहीत होतं. नवं नाही, तो आला तेव्हापासून फेकतो. मी पलंगावर आडवी झाले, डोळा लागला. उठले तेव्हा बटणांवर थेंब होते. लहान लहान, ओळीनं. अन् आमच्या गावात थेंब कुठंही पडला तरी पांढरा सुकत नाही, कोळशाची धूळ असतेच — तसे त्या थेंबांचे काळे ओघळ फटींत गेलेले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मेलेलं.

पदरानं पुसलं. गच्चीवर उन्हात ठेवलं. मग तांदळाच्या कोठीत खुपसलं, वर झाकण लावलं, दोन दिवस त्याच कोठीतून भाताचे तांदूळ काढत राहिले. आमचे हे पहिल्या पाळीहून आले की मी कोठीपाशी जाऊन उभी राहायची, उगाचच. काही उपयोग झाला नाही.

इथपर्यंत फक्त मूर्खपणा आहे. मूर्खपणाला कोणी कबुली देत बसत नाही, हसून सांगतात. मीही सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाया आठवडाभर हसल्या असत्या. नवी मॅडम गप्प राहिली असती. बस. एवढंच झालं असतं — अन् तेवढंच मला सोसवलं नाही.

कान साफ करायची कापसाची काडी असते ना, ती घेतली. बसले खाली. एकेक बटणाच्या कडेनं ते काळे ओघळ पुसून काढले. सावकाश, बारीक काम केलं, आयुष्यात शिवणसुद्धा इतकी बारीक घातली नसेल मी. हे लक्षात घ्या. पुढं जे बोलले ते तोंडातून निसटलं असं मला म्हणायची सोय नाही. मी आधी पुसलं, अन् मग गेले.

इरफाननं तिथंच खोललं. बराच वेळ आत पाहत राहिला. मग अगदी दबकत विचारलं — "बाई, पानी-गिनी त नाई ना लागलं?"

अन् मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मी खोटं बोलते काय रे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नाही-नाही बाई, तसं नाही बाई, असं म्हणत त्यानं ते मशीन बाजूला ठेवलं अन् रॅकवरचं दुसरं काढून माझ्या हातात दिलं. हे तुम्ही वाचताय ना, ते त्या दुसऱ्या मशीनवरच टाइप केलंय मी. इतक्या वर्षांत त्याला काही झालेलं नाही. मी निघाले तेव्हा तो पायरीपर्यंत आला. म्हणाला, "बाई, हे बिघडलं म्हनून बाकीच्यायले एवढ्यात सांगू नका. मी सगळेच मशीन पुन्हा खोलून पाहून राह्यलो." मी हो म्हटलं. तेव्हा खरंच तसंच वाटत होतं मला. दुसरं मशीन चालतंय, बायांना सांगू घ्या म्हणून, कोणाचं काय बिघडतंय?

पण शोभानं मला लॅपटॉप पिशवीत घालून भर उन्हात बसस्टँडकडे जाताना पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी बाया तिच्या ओट्यावर बसल्या होत्या, मला हाक मारली. "का व बाई, बिघडला काय?"

आता सांगा — मी 'नाही' म्हणू शकत होते. 'माझ्या हातून भिजला' म्हणू शकत होते. काहीच न बोलता चहा पिऊ शकत होते. बाया मजेनं विचारत होत्या, कोणी वकील लावून विचारत नव्हतं! पण त्या सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, अन् मी म्हणाले — पंधरा दिवसांत बंद पडला, मालच तसा आहे, वरून पुसून-चमकवून देतो, आत सगळं सडकं.

आत सगळं सडकं! हे शब्द कुठून आले? मला कोणी विचारले नव्हते ते. खोटं एकदा बोललं की त्याला टेकू लागतो, मग मी टेकू देत गेले. माझ्यासमोर खोललं, म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

एक जण होती तिथं, नाव नको, ती म्हणाली, "त्या लोकायचं असंच राह्यते व." बाकीच्यांनी माना हलवल्या. लगेच हलवल्या. माझं खोटं इतक्या सहज का खपलं, ते मला त्याच क्षणी कळलं. अन् मी गप्प बसले. मी! आम्ही लहान असताना माझ्या वडिलांच्या पाठीमागे 'त्या लोकायचं असंच' म्हणणारे कितीतरी आवाज मी ऐकलेत. खाणीतून थकून आलेला माझा बाप कसा न ऐकल्यासारखं करून चालत राहायचा ते पाहिलंय. अन् तेच वाक्य माझ्या खोट्याला कामी येत होतं, तेव्हा मी त्याला येऊ दिलं. चहाचा कप ठेवला अन् म्हटलं, चंद्रपूरहूनच घ्या.

घेतले त्यांनी चंद्रपूरहून. काही चांगले निघाले, एकीचं झाकण बिजागरीतून तुटलं, एकीचा तापत राहायचा. पोरी शिकल्या, त्यांचं काही अडलं नाही. आता लेकराबाळांच्या झाल्यात.

अडलं ते इरफानचं. बोलणं ओट्यावर थोडंच राहतं? कॉलनीत कोणाला लॅपटॉप घ्यायचा झाला की म्हणायचे, बाईंचाच पंधरा दिवसांत गेला. येता-जाता मला त्याचं दुकान दिसायचं. तो काउंटरमागे मशीन उघडून बसलेला असायचा, पण समोर गिऱ्हाईक नसायचं. तेच तेच मशीन असावं. एकदा मी ठरवून गेले. अगदी ठरवून — चपला घालताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं, 'इरफान, ते पाणी लागलं होतं रे.' सगळे मिळून सहा शब्द. पायरी चढले. तो धडपडत उठला, खुर्ची पुसली. "बोला ना बाई?" अन् मी म्हणाले, "एक माऊस दे." घरी तीन माऊस पडले होते.

पुढच्या उन्हाळ्याच्या आतच शटर खाली आलं. तिथं आता चप्पल-बुटांचं दुकान आहे. तो बायकोला घेऊन सासुरवाडीकडे भद्रावतीला गेला असं कोणीतरी सांगितलं. खरं सांगू? मला हायसं वाटलं. रोज दिसणार नाही म्हणून. असा माणूस कसा असतो, विचारू नका मला. असतो. मी होते.

वर्षं गेली. मी रिटायर झाले. शाळेनं निरोप दिला, शाल दिली. त्या नव्या मॅडमनंच — ती आता जुनी झाली होती — माझ्यावर भाषण केलं. म्हणाली, बाईंच्या शब्दावर गाव विश्वास ठेवायचं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

अन् मग आता, ह्या मागच्या थंडीत, भद्रावतीला भाचीकडे गेले होते. परत यायला स्टँडवर उभी, बस काही येईना. समोरून खाकी कपड्यातला, कुठल्याशा गेटवरचा चौकीदार आला. पोट सुटलेलं, केस पिकलेले. मी ओळखलं त्याला. लगेच ओळखलं, अन् तोंड फिरवून गावांच्या नावाची पाटी वाचत राहिले, पाठ असलेली पाटी. तो जवळ आला. वाकला, पायाला हात लावला.

"बाई, ओळखलं काय? इरफान."

अरे, तू! असं काहीतरी म्हणाले मी. तो बोलायला लागला. लेकरं किती, कितवीत, आई गेली, बायकोची मशीन आहे शिवणाची, बरं चाललंय. तोच बडबड्या. मी म्हटलं चला, विसरला हा. इतक्या वर्षांनी कोणाला लक्षात राहतं? मग तोच थांबला. कॅप काढून हातात घेतली.

"बाई, एक राहून गेलं होतं. ते तुमचं मशीन — मी ते चार डाव खोललं नंतर. आतमधी पान्यावानी डाग होते. पन तुमी त पानी नाई लागलं म्हनल्या. मंग माह्या ध्यानात आलं, मालच भिजेल आला असन, अन् तुमाले देतानी मले दिसलाच नाई. एवढं मोठं दिसत नाई, त मंग लोकायच्या मशीनी काऊन खोलाव मानसानं? दुसरे बी तसेच दिले असन तर? मंग हातच नाई चालला, बाई. सोडून देलं."

मी त्याच्या हातातल्या कॅपकडे पाहत होते. तो म्हणाला, "तुमी माह्यासाठी बायायसमोर शब्द टाकला, अन् माह्यापाई तुमालेच खाली पाहा लागलं. तुमची माफी मागाची होती. हिम्मतच नाई झाली कधी."

हे आहे ते. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्याचं गिऱ्हाईक घालवलं. ते नव्हतं. माझा शब्द त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा खरा वाटला होता. आत पाणी त्याला दिसत होतं, अन् बाई नाही म्हणाल्या म्हणून त्यानं आपले डोळे खोटे ठरवले, हात खोटे ठरवले.

स्टँडवर फारसं कोणी नव्हतं. तो समोर उभा होता, मान खाली. त्याहून चांगली वेळ मला कधीच मिळणार नव्हती, अन् हे मला तेव्हा, तिथं उभी असताना, स्पष्ट कळत होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे रे. मी तुले तेव्हाच माफ केलं."

त्याचे डोळे भरून आले. हसला. किती मोकळा हसला तो! तेवढ्यात बस लागली. माझी पिशवी त्यानंच उचलली, गर्दीतून पुढं घुसून ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा धरली, रुमालानं सीट पुसली, अन् म्हणाला, "बसा बाई."

मी बसले.